थांबलेलं लॉर्डपद

१४ फेब्रुवारी १९०८

जर्वेस भावोजींना आज पुरलं. शिकारीत कुंपणावरून घोडा पलीकडे गेला, हे अलीकडे राहिले. माणूस तिरसट, तरी मी रडले. खरंच रडले. आता पुढचं बघायला हवं. त्यांना मूलबाळ नाही, म्हणजे लॉर्ड वेक्सकम आता त्यांचा धाकटा भाऊ, आमचा ऑब्री. आणि लेडी वेक्सकम — मी!

वीस वर्षं फाटकाजवळच्या घरात धाकट्याची बायको म्हणून काढली. मोठ्या घराचं छप्पर कुठे गळतं आणि कुठलं कूळ कुणाशी भांडतं, सगळं मला पाठ आहे. मी ते घर नीट चालवीन. खोटी लाज कशाला? मला ते हवं आहे.

१६ फेब्रुवारी

म्हातारा बटलर टॅपस्कॉट ऑब्रीला अजून ‘मिस्टर ऑब्री’च म्हणतो. लॉर्डसाहेब म्हणत जा, असं मी स्पष्ट सांगितलं. तर म्हणे, म्हणेन ना बाईसाहेब, वेळ आली की म्हणेन. वेळ आणखी कुठून यायचीय? गावाहून?

१९ फेब्रुवारी

ऑब्रीला सही शिकवली. लॉर्ड झालं की सहीत नाव गाळायचं, नुसतं ‘वेक्सकम’ लिहायचं. हा दर वेळी आधी ‘ऑब्री’ लिहून मोकळा! मासे पकडण्यात हुशार, बाकी आनंद.

२२ फेब्रुवारी

नाक कापलं. कुळाच्या मुलीचं लग्न, साक्षीदार म्हणून ऑब्रीला पुढे केलं, आणि यावेळी नेमकं त्याच्या लक्षात राहिलं. चर्चच्या वहीत झोकात ‘वेक्सकम’! मी मान ताठ करून उभी. वकील थ्रेल यांनी दोघांना बाजूला घेतलं. विधवा गरोदर नाही अशी खात्री पटेपर्यंत पदवी कुणाचीच नसते म्हणे. थांबून राहते. मुलगा झाला तर त्याची, नाही तर ऑब्रीची. सही खोडावी लागली. सगळ्या वऱ्हाडासमोर.

आता सिबिलच्या पोटाकडे बघत बसायचं! वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, नात्याने थोरली जाऊ. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं बिचारीच्या. काही नसणार.

९ मार्च

सिबिलला दिवस गेलेत.

स्वतःच सांगितलं, नाश्त्याला, अंड्याची बशी दूर सारून. “हेस्टर, तुला सगळ्यांच्या आधी सांगतेय. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर जास्त लागलं असतं तुला.” भली पोर आहे. त्याचाच राग येतो.

१० मार्च

मुलगी होणार. सिबिलला बहिणी पाच, भाऊ एकही नाही. तिच्या आईचंही तसंच. मी उगाच घाबरले. काल रात्री मनात नको ते आलं, त्याची माझी मलाच शरम वाटली.

३ जून

जेवायला आत जाताना अजून सिबिलच पुढे. तिचं पोट पुढे, मागून ती, मागून आम्ही. ऑब्री म्हणतो, “आपल्याला काय कमी आहे गं? नदी तीच, मासे तेच.” म्हटलं, “मग त्याच नदीत एक बुडी मारून ये.” गेला! खरोखर गळ घेऊन गेला.

पण घर मात्र मीच चालवतेय. छप्पर दुरुस्त करून घेतलं. सिबिलला त्यातलं ओ की ठो कळत नाही. लॉर्डपद थांबलं तरी पाऊस थोडाच थांबतो?

१७ ऑगस्ट

सिबिलचे पाय सुजलेत. डॉक्टर नुसते मान डोलावून जातात. मी तिला जिना चढायची बंदी केली, तिचा पलंग खाली आणवला, मीही शेजारच्या खोलीत झोपते. बाकी कुणाला पोच आहे?

आज माझ्या खांद्याला टेकून बसली होती. म्हणाली, “मुलगा झाला तर बोलशील ना माझ्याशी?”

“मुलगी होणार आहे,” म्हटलं. “पाय वर घे.”

तिच्या पोटात ते ढुशा देत होतं, माझ्या कुशीला लागत होतं. मी सरकले नाही.

११ सप्टेंबर

अजून दोन आठवडे आहेत. माझी खात्री कायम. थ्रेलना कागद तयार ठेवायला सांगितलंय.

२० सप्टेंबर

मुलगा.

डॉक्टर पोचलेच नव्हते. सिबिलचं रक्त थांबेना, दाई तिच्यात गुंतली आणि पोर माझ्या हातात कोंबलं. निळं पडलेलं. हूं नाही की चूं नाही. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. मी बोटाने तोंड साफ केलं, पायाला धरून उलटं केलं, पाठीत एक धपाटा घातला. दुसरा घातला. सिबिल वाचेल म्हणतात.

तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. आता आहे. पोर गप्प राहिलं असतं, तर आयुष्यात जे एकच मागितलं होतं ते माझं होतं, आणि मी त्याला सारखी म्हणत होते — रड रे राजा. रड माझ्या राजा.

रडला.