तिसऱ्यांची पूड

पुणे,
९ फेब्रुवारी २०२५

चि. केतन यास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून आशीर्वाद.

आई इथे नीट पोचली. माणगावपर्यंत झोपली, ताम्हिणीच्या वळणांवर एकदा ओकली, घरी आल्यावर थोडी पेज घेतली. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी रोज येते. इथली थंडी आईला सोसत नाही. पूनमने दिलेली शाल उपयोगी पडते. पूनमवर रागावू नकोस, बायको आहे ती तुझी. गेल्या शनिवारी तू काशीदला तुझ्या दुकानाच्या उद्घाटनाला गेलास तेव्हा मी गाडी घेऊन मुरुडला आले. तिने आईचे कपडे बांधून दिले, एवढंच. तुला विचारलं असतं तर तू आईला नेऊ दिलं नसतंस. उद्घाटनात तिला खुर्चीत बसवायचं तू आधी ठरवलं होतंस, हे मला पूनमकडूनच कळलं.

तुझे फोन येतात. मी घेत नाही. माझं बोलणं तू कापतोस. कागद कापला तर निदान दिसतो.

तीस वर्षं मी एकच गोष्ट पाहत आले आहे. मेंदूतल्या दोन पेशींमध्ये फट असते. निरोप पहिल्या पेशीच्या टोकाशी येतो. तिथे कॅल्शियमसाठी बारीक दारं असतात. ती सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, आणि मगच निरोप फट ओलांडतो. ते दार कशाने उघडतं, कशाने अडतं, यात माझे केस पांढरे झाले. सुरुवात माकुळावर, म्हणजे स्क्विडवर केली, कारण त्याचा मज्जातंतू जाड असतो. तू मुरुडहून एसटीने पिंपात जिवंत माकूळ घेऊन आला होतास. कंडक्टरने त्याचं हाफ तिकीट मागितलं. पोचेपर्यंत ते मेलं आणि आपण ते तळून खाल्लं. तो केतन मला आठवतो. म्हणून हे पत्र लिहिणं जास्त अवघड जातं आहे.

नारळी पौर्णिमेला मुरुडच्या आपल्या कोळी समाजाने माझा सत्कार केला. मी म्हणाले, कॅल्शियम आत शिरल्याशिवाय मेंदूतली एक पेशी दुसरीशी बोलत नाही. पुढचं वाक्य असं होतं, की कॅल्शियम जास्त खाल्ल्याने यात काही वाढत नाही. तुझ्या व्हिडिओत पहिलं वाक्य आहे. दुसऱ्याच्या जागी तू विकतोस त्या कॅल्शियमची बाटली आहे. बाटलीवर मी आहे, समाजाने दिलेल्या शालीत.

एक गोष्ट मी विसरले होते. आपल्याकडे त्या दिवशी समाजाच्या ओट्यावरून जे बोलतात ते भाषण नसतं. होड्या कधी लोटायच्या, मासळी कुठे वाळत घालायची, हे तिथूनच सांगतात आणि ते कोणी मोडत नाही. मी वर्गात बोलते तसं बोलले. बायकांनी तो ठराव मानला. इथवर मी कोणाला दोष देत नाही.

पुढचं मला शकूमावशीने सांगितलं. तिच्या सुनेने आईच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव मोबाइलवर शोधलं. ही गोळी कॅल्शियमची दारं अडवते, असं तिने वाचून दाखवलं. ते खरंच आहे. ती दारं रक्तवाहिन्यांच्या भिंतीतली, मी पाहते ती वेगळी. पण हे त्या बायकांना कोण सांगणार? आई म्हणाली, "आपलीच पोरगी सांगते का कॅल्शियम पायजेल, आन ही गोली तेच अडवते. मंग कोनाचा आयकू?" तरी मावशी तिला घेऊन तुझ्याकडे आली. तू शिकलेला, म्हणून. तू बाटल्या भरत होतास. वर न बघता म्हणालास, "ताई आख्खा जन्म त्यातच हाय. तिला न्हाय कललं तर काय त्या डॉक्टरला कलनार?"

आईने गोळी सोडली. मावशीनेही सोडली. दिवाळीनंतर आई चुलीपुढे उजव्या कुशीवर पडली.

तू मला सांगितलंस, मी गोळी बंद कर म्हणालो नाही. खरं आहे. तू म्हणाला नाहीस. ताईला फोन लावतो, असंही म्हणाला नाहीस. लावला असतास तर त्या दिवशी तुझी एक बाटली कमी भरली असती.

नंतरचा व्हिडिओ माझ्या एका सहकाऱ्याने मला दाखवला. ही माझी आई आहे हे त्याला माहीत नव्हतं. आई खुर्चीत आहे. तुझा हात तिचा जबडा धरतो आणि चमचा आत जातो. पूड ओठांच्या उजव्या कडेने गळते, कारण ती बाजू मेली आहे, आणि तू ती बोटाने पुसून परत आत घालतोस. खाली लिहिलं आहे, आईत सुधारणा. सहकारी म्हणाला, लोक काय काय करतात बघा. मी हो म्हणाले.

त्या शनिवारी मी तुझ्या परसात गेले. काशीदच्या हॉटेलांतून आणलेली पोती बघितली. पर्यटकांनी चोखून टाकलेले तिसऱ्यांचे शिंपले, त्यांना चिकटलेला मसाला, लिंबाची सालं, एका पोत्यात कुणाचा तरी हातरुमाल. अळ्या होत्या. मासळीच्या वासात मी वाढले, मला त्या वासाने कधी काही झालं नव्हतं. तिथे मला ओकारी आली. हेच वाळवून, दळून तू माणसांच्या तोंडात घालतोस. आणि त्यावर माझा चेहरा चिकटवतोस.

बाटली मी अन्न-औषध खात्यात दिली आहे, लेखी तक्रारीसह. तक्रारीत तुझं नाव आहे. नातं विचारलं होतं, तेही लिहिलं. माणसं येतील. पोती हलवू नकोस, माझ्याकडे फोटो आहेत.

मावशीची गोळी परत सुरू झाली आहे. आणखी कुणी सोडली ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक असेल, बाटल्या तूच पोचवल्यास. पूनम घरोघर जाते आहे. तिच्याबरोबर जा. ओट्यावरून गेलेला शब्द ओट्यावरूनच परत घ्यावा लागतो. शिमग्याला समाज जमेल. मी माझं दुसरं वाक्य सांगीन. नंतर तू उभा राहून आईला काय बोललास ते सांगायचं. तू बोलला नाहीस तर तेही मीच सांगीन.

एक गोष्ट लिहायची नव्हती.

तुझ्याकडे आई मुकी होती. इथे मंगळवारी तिच्या तोंडातून एक शब्द आला. तेव्हापासून तोच आहे. पाणी हवं असलं की तो, कूस बदलायची असली की तो. चमच्याला, खिडकीला, देवाच्या फोटोला तोच. केतन. मेंदूचा तेवढा भाग गेला की असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो. त्यात माया शोधू नये, असं मी स्वतःला समजावते.

ती मलाही केतन म्हणते. त्या नावाची मला किळस येते.

मी ओ देते.

किशोरी