पोकळ इंजिन

अकोला,
रविवार, ११ जानेवारी २००९

प्रिय आकांक्षा,

'प्रिय' हे शाळेत लागलेल्या सवयीनं लिहून टाकलं. मनात दुसरेच शब्द होते, पण तुझ्या घरी हे पत्र आधी कोण फोडेल याचा भरवसा नाही म्हणून ते आतच ठेवले. दोन महिने झाले, तुझा मोबाइल बंद आहे. घरच्या फोनवर मी चार वेळा बोलले. तीन वेळा 'ती घरी नाही' असं उत्तर मिळालं. चौथ्यांदा तुझ्या आईनं, मैनाकाकूंनी, सरळ सांगितलं, "शाइस्ता, तिले आता गाड्याबिड्याचं काही आठवू देऊ नको. पावने पाहून गेले तिले. मार्चमधे उरकून टाकून राहिलो आमी." आकांक्षा, तू नोकरीला होतीस त्या मूर्तिजापूरकडच्या वर्कशॉपमध्ये एका माणसाचा पाय गुडघ्याखालून गेला, आणि तू भातकुलीत साडी नेसून पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बश्या मांडतेस?

मला हे सगळं पेपरातून कळलं. आमच्या गॅरेजमध्ये सकाळी पेपर मोठ्यानं वाचतात. 'महिला मेकॅनिकच्या चुकीने कामगार जायबंदी' असं वाचून त्या पोऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तुझं नाव आलं. खडी वाहणाऱ्या टिपरचा उचललेला हौदा खाली आला, पुंजाराम मिस्तरी त्याच्या खाली सापडला, आणि आकांक्षा किसनराव खोडके हिनं 'ही दुर्घटना माझ्याच चुकीने घडली' असं लिहून दिलं. एक जण म्हणाला, "पोरीच्या हाती पाना देसान तं असंच होईन." मी बाहेर येऊन नळाखाली हात धुतले. काळे हात होते, धुतले तरी काळेच राहिले. मला त्या माणसाचा राग आला नाही, तुझा आला. असं लिहून कसं दिलंस तू? कोणी पुढ्यात कागद सरकवला आणि तू सही केलीस? एवढी भित्री कधी झालीस?

तू अशी नव्हतीस. अमरावतीत राजापेठच्या खोलीत आपण दोघी सहा महिने राहिलो, दोन हजार सातच्या जूनपासून. मला पहिला दिवस लख्ख आठवतो. तीस जणांच्या वर्गात दोन मुली. एक तू, वडलांचं खारपाणपट्ट्यातलं वावर दोन वर्षं काहीच देईना म्हणून आलेली. दुसरी मी, पातूरच्या हुसेन मिस्तरीची पोरगी. माझे अब्बा आयुष्यभर शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करत हिंडले. विहिरी आटल्या तशी इंजिनं बंद पडली, आणि इंजिनांबरोबर अब्बांचं कामही. त्यात ही योजना निघाली. शेतकरी कुटुंबातल्या आणि गावातल्या कारागिरांच्या मुलांसाठी जड वाहनांच्या डिझेल मेकॅनिकचं प्रशिक्षण, सहा महिन्यांत प्रमाणपत्र, नोकरी हमखास. अम्मी नको म्हणत होती. अब्बा म्हणाले, "जाने दो उसको. मेरे पास सिर्फ हात था, इसके पास कागज भी रहेगा." तू बाकावर माझ्याशेजारी येऊन बसलीस आणि विचारलंस, "तुले खरंच इंजिनाचं काही समजते, का तुयंबी मायासारखंच?" आणि आपण दोघी हसलो. रमजानच्या महिन्यात तू तुझा डबा जिन्यात जाऊन खायचीस. मी कितीदा म्हटलं, इथेच खा, मला काही होत नाही. ऐकलं नाहीस कधी.

आणि काय शिकलो आपण तिथे? मला आता आठवलं की डोकं फुटायची वेळ येते. भाड्याचा हॉल, भिंतीवर तक्ते, मधोमध लोखंडी चौकटीवर एक सहा सिलिंडरचं इंजिन. प्रत्येक तपासणीच्या आधी त्याला करडा रंग मारायचे. डोमाजी सर फळ्यावर क्रँकशाफ्ट इतका सुरेख काढायचे की पुसायला जिवावर यायचं. पण इंजिनाला हात लावायची वेळ आली की 'पुढच्या आठवड्यात'. तू आणि मी एका दुपारी हॉलमध्ये दोघीच होतो. तू मागचं जड चाक, फ्लायव्हील, सहज ढकललंस. ते फिरलं. एका बोटानं फिरलं. अब्बांच्या हाताखाली मी एवढं पाहिलं होतं की डिझेल इंजिन हातानं फिरवायला गड्याचा जोर लागतो, आत हवा दाबली जाते म्हणून. मी तुला खालचा सम्प, तेलाचं भांडं, खोलायला लावलं. आत ना पिस्टन, ना कनेक्टिंग रॉड. नुसतं टरफल. तू म्हणालीस, "शाइस्ता, हे तं पोकळ आहे वं." आपण सरांना विचारलं तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, मले जे देलं त्याच्यावर मी शिकवून राहिलो. मले कावून विचारता?" आपल्या दोघींचे मात्र फोटो काढले. निळे कोट घालून, हातात पाने देऊन, इंजिनाशेजारी उभं करून. मुलांचे नाही काढले. मुलींचे काढले, कारण मुली असल्या की योजना चांगली दिसते.

मी कागद घेऊन अकोल्याला आले. पंजाबराव मिस्तरींच्या ट्रक गॅरेजमध्ये मालकांसमोर मोठ्या ऐटीत ठेवला. त्यांनी मला एक फिलर गेज दिला आणि टॅपेट लावायला, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट मोजून बसवायला, सांगितलं. मला तो गेज कुठे घालायचा तेच कळेना. माझ्या हातात ती पातळ पट्टी, आणि सहा माणसं हातातलं काम सोडून पाहत होती. पंजाबरावांनी माझं प्रमाणपत्र उचललं, चष्मा लावून पूर्ण वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, "हा कागद त्या इंजिनाले वाचून दाखव. चालू झालं तं मले आवाज दे." मी रडले नाही. चार महिने डिझेलमध्ये सुटे भाग धूत बसले. बोटांची सालपटं निघाली. मग हळूहळू एकेक काम हाती आलं. पंजाबरावांनी मला सगळ्यात आधी काय शिकवलं ठाऊक आहे? इंजिन नाही, नट-बोल्टही नाही. त्यांनी मला टिपरपाशी नेलं, हौदा वर उचलायला लावला आणि लाकडाचा जाड टेकू खाली कसा लावतात ते दाखवलं. "टेकू लागल्याबिगर खाली जो माणूस जाते तो मेला समज. लिव्हरवर भरवसा नाही, पाइपावर नाही, देवावरही नाही." पहिल्या आठवड्यातली गोष्ट आहे ही, आकांक्षा. दहा मिनिटांत शिकवून होते. आपल्याला सहा महिन्यांत कोणी शिकवली नाही.

म्हणजे तू टिपरच्या केबिनमध्ये पहिल्यांदा बसलीस ती थेट त्या वर्कशॉपमध्येच ना? आणि तुला तिथे बसायला कोणी सांगितलं, तर फोरमन उत्तमरावनं. पुंजाराम खाली गळका पाइप बदलत होता. उत्तमराव ओरडला, "गाडी बंद कर!" तू घाईत गाडी बंद करायला गेलीस आणि हात हौद्याच्या लिव्हरवर पडला. एवढंच. मला हे कसं माहीत? तू तर सांगितलं नाहीस. मला पुंजारामनं सांगितलं.

हो, मी गेले होते. तो इथे अकोल्यात सरकारी दवाखान्यात होता. मी तीन आठवडे धीर करत होते, मग एका रविवारी गेले. त्याची बायको माणिकबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मी म्हटलं, मी आकांक्षाची मैत्रीण. तिनं तोंड फिरवलं. पुंजाराम मात्र बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. म्हणाला, "गॅरेजमधे काम करतं वाटते." मग स्वतःच बोलायला लागला. "त्या पोरीनं नाही पाडलं मले. म्या टेकू मागतला होता. दोनदा मागतला. उत्तमराव म्हने, दोन मिन्टाचं काम आहे, टेकू कुठी धुंडत बसतं. टेकू असता तं तिनं दहादा लिव्हर ओढली असती तरी हौदा हलला नसता. मी बी म्हतारा मानूस, मले बी अक्कल पायजे होती." मला वाटलं तो तुला माफ करतोय. पण तो पुढे म्हणाला, "पन ती पयाली काहून? मी खाली अडकलो होतो, ती केबिनीतून उतरली अन् पयत सुटली. एक डाव येऊन माया तोंडाकडे पाह्यलं असतं तं." माणिकबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "पोरगी आहे, भेली असन." जिच्या नवऱ्याचा पाय गेला तिनं तुझी बाजू घेतली, आणि तुझ्या घरचे तुला लग्नात गुंडाळून ठेवून राहिले.

दवाखान्यातून बाहेर आले तेव्हा मला सगळ्यांचाच राग आला होता. उत्तमरावचा राग, त्या प्रशिक्षण केंद्राच्या साहेबांचा राग, टेकू नसलेल्या वर्कशॉपचा राग, तुझा राग. घरी येईपर्यंत एकेक राग सुटत गेला आणि शेवटी एकच उरला. तो कोणाचा ते मला चांगलं ठाऊक होतं. आतापर्यंत या पत्रात मी तुला भित्री म्हटलं. ते खोटं आहे.

केंद्रातली, दोन हजार सातच्या नोव्हेंबरातली ती तपासणी तुलाही आठवत असेल. तू आजवर कधीच त्याबद्दल बोलली नाहीस, एकदाही नाही. नागपूरहून मॅडम आल्या होत्या. त्या तुझ्यासमोर थांबल्या, इंजिनावर हात ठेवला आणि विचारलं, "बेटा, हे इंजिन तू स्वतः खोललंस का?" तू माझ्याकडे पाहिलंस. मग त्यांच्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "मॅडम, हे इंजिन..." तुझ्या तोंडात पुढचा शब्द आला होता. मला दिसत होता. मी खालून तुझ्या पायावर पाय दिला, जोरात, आणि मध्येच बोलले, "हो मॅडम. तीनदा खोललं. आम्ही दोघींनी." मग मी तक्त्यावरचं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. सिलिंडर पेटण्याचा क्रम, फायरिंग ऑर्डरसुद्धा, एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. मॅडमनी माझी पाठ थोपटली. मला तो कागद हवा होता, आकांक्षा. पातूरला रिकाम्या हातानं परत जायचं नव्हतं. त्या दिवशी तुला बोलू दिलं असतं तर कदाचित केंद्र बंद पडलं असतं, कदाचित आपल्याला खरं इंजिन मिळालं असतं. काय झालं असतं ते मला माहीत नाही. पण तू त्या केबिनमध्ये बसली नसतीस, एवढं माहीत आहे. खोलीवर आल्यावर तुझ्या पायाचा अंगठा काळानिळा झाला होता. तू म्हणालीस, दाराला ठेचकाळला.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. गेल्या आठवड्यात मी रजा काढून अमरावतीला गेले. आपलं केंद्र अजून चालू आहे. नवी तुकडी बसली आहे, बत्तीस जणांची, त्यात सहा मुली. खिडकीतून मी त्यांना पाहिलं. वह्यांमध्ये क्रँकशाफ्ट काढत होत्या. तिथून मी सरळ योजनेच्या कार्यालयात गेले आणि माझं प्रमाणपत्र टेबलावर ठेवून लेखी दिलं की इंजिन पोकळ आहे, आम्ही काहीच शिकलो नाही, आणि तपासणीच्या दिवशी मी खोटं बोलले. आकांक्षा खोडके खरं सांगणार होती, मी तिला सांगू दिलं नाही, हेही लिहिलं. परत येऊन पंजाबरावांना सांगितलं की आता मी बिनकागदाची आहे, ठेवता की काढता? ते वरही न पाहता म्हणाले, "तो कागद मी मोजलाच कधी होता? तो गिअरबॉक्स उतरव." पुढच्या सोमवारी, एकोणीस तारखेला, सकाळी अकरा वाजता त्याच कार्यालयात केंद्राची आणि त्या अपघाताची चौकशी आहे. पुंजारामचा जबाब दवाखान्यात झाला, त्यानं टेकूचं सांगितलं आहे. पण इंजिनाबाबत कार्यालयातले साहेब म्हणाले, एकटीच्या शब्दावर नाही होत, दुसरी कोण होती तिला आणा. तू लिहून दिलेला तो कागदही तिथेच रद्द करता येईल, पण त्यासाठी तुला स्वतः यावं लागेल. पाहुण्यांना कळेल, लग्न मोडेलही. मी ते नाकारत नाही. तू आलीस तर चौकशीनंतर अकोल्याला पुंजारामकडे त्याच दिवशी जायचं की दुसऱ्या, ते तू ठरव. भातकुलीची गाडी दहाच्या आधी अमरावती स्टँडवर लागते. मी तिथे उभी असेन. मॅडमही येणार आहेत, त्याच. त्या तुला तोच प्रश्न पुन्हा विचारतील. या खेपेला तू बोल, पूर्ण बोल. मी मध्ये तोंड उघडणार नाही.

तुझीच,
शाइस्ता