खिडकीशी उभं राहून

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. येत्या रविवारी लेकीला माजी राष्ट्रपतींचं लहानपणचं घर दाखवायला आणतोस, आण. सकाळी नवाच्या आत या. दहानंतर शाळांच्या सहली येतात, आणि तीन खोल्यांत साठ पोरं शिरली की भिंतींनाही घाम फुटतो. पिशव्या, छत्र्या दाराजवळच्या कपाटात ठेवाव्या लागतील, राखणदारीणबाईंच्या भावालाही त्यात सूट नाही. राहता राहिली तुझी दुसरी मागणी: लेकीला दोरीच्या आत सोडायचं आणि त्या खिडकीशी तासभर स्वतःचं पुस्तक घेऊन उभं राहू द्यायचं, म्हणजे तिच्यात काहीतरी उतरेल. त्याचं उत्तर फोनवर देता येत नाही. फोनवर तू 'बरं, बरं' म्हणतोस आणि माझं बोलणं अर्धवटच राहतं. आज सोमवार, घर बंद. झाडपूस उरकून तिकिटाच्या टेबलावर लिहायला बसले आहे.

अण्णांसारखा बोलका राखणदार या घराला पुन्हा मिळाला नाही. वडिलांची जागा मी घेतली, पण बोलते त्यांचंच. सव्वीस वर्षं तीच वाक्यं, तिथंच थांबून, तसाच हात करून. "याच खिडकीशी उभं राहून ते अभ्यास करत. बसलं की झोप येते, म्हणून कधी बसले नाहीत." इथं आयांचे डोळे भरून येतात आणि बाप आपापल्या पोराला टपली मारतात. तुझ्या वाट्याला नुसती टपली आली नाही. तू अकरा वर्षांचा झालास आणि अण्णांनी या घरामागं आपण राहायचो त्या दीड खोलीतली तुझी खुर्ची उचलून शेजाऱ्यांना देऊन टाकली. तिथल्या खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक आणि समोर तू, रोज तीन तास. तू कधी या पायावर, कधी त्या पायावर. मी तुला बगळा म्हणायची. तू हसायचा नाहीस.

त्याच वर्षी राष्ट्रपतींची थोरली बहीण हे घर बघायला आली होती. काठी टेकत, गाजावाजा न करता. अण्णांनी तिलाही सगळं पाठ म्हणून दाखवलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. अण्णा पाणी आणायला गेले तेव्हा माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पोरी, इथं खाट होती. पालथा पडून वाचायचा तो. निम्म्या वेळा पुस्तकावरच घोरायचा."

संध्याकाळी मी अण्णांना विचारलं. त्यांना लाज वगैरे काही वाटली नाही. घर लोकांसाठी उघडलं तेव्हा खाट आड यायची, लोकांची नडगी आपटायची, म्हणून त्यांनी ती माळ्यावर टाकली. मग लोक विचारायला लागले, इथं ना टेबल ना खुर्ची, साहेब अभ्यास कुठं करायचे? अण्णांनी खिडकी दाखवली. खाट उचलली आणि गोष्ट उभी राहिली. पुढं कुणी ती पेपरात छापली, मग समितीनं पितळी पाटी ठोकली. पितळेत कोरलेलं खोटं म्हणायची कुणाची टाप आहे? अण्णा मला म्हणाले, तू यात तोंड घालू नकोस, पोरांचं भलंच होतंय. मी मूग गिळून बसले.

अण्णांच्या धाकानं गप्प बसले, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. ते खरं नाही रे. माझी शाळा त्याच वर्षी सुटली होती. दोघांना शिकवणं झेपत नाही, असं ठरलं. तू शिकणार होतास आणि मी हे घर झाडणार होते. तू उभा दिसलास की मला बरं वाटायचं. शिकायचंय ना, मग भोग, असं मनात यायचं. एका वाक्यात मी तुला खाली बसवू शकले असते, पाच वर्षं, रोज. नाही बसवलं. पुढं तू इंजिनिअर झालास आणि सगळं श्रेय खिडकीला गेलं. तुझ्या सत्कारात तूही तेच बोललास, मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. आता पंचेचाळिसाव्या वर्षी पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या म्हणून तू गुडघ्यापर्यंत घट्ट मोजे घालतोस, तुझी बायको सांगत होती. आणि वर त्याला खिडकीचा आशीर्वाद म्हणतोस! या थट्टेला मला हसू येत नाही.

गेल्या गुरुवारी तुझ्या लेकीचा फोन आला, तू ऑफिसात असताना. पोर रडकी नाही, तुला माहीत आहे. तिनं एवढंच विचारलं, "आत्या, त्यांचे पाय दुखायचे नाहीत का?" मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, परीक्षेत मार्क कमी पडल्यापासून तू तिला रोज दोन तास उभी करतोस. शाळेचा जिना चढताना तिच्या पोटऱ्यांत गोळे येतात. पण बाबा तर पाच वर्षं उभे राहिले, म्हणजे आपल्यातच खोट आहे, असं तिला वाटतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं, ऐक. "मोठी माणसं दुखण्याकडे बघत नाहीत, बाळ." पाटीसमोर लोकांना सांगते त्यातलंच पुढचं वाक्य. सव्वीस वर्षांची सवय, जीभ आपोआप गेली. ती म्हणाली, "बरं, आत्या," आणि फोन ठेवला. तेव्हापासून चार वेळा फोन हातात घेतला नि खाली ठेवला. तू माझ्यावर चीड, बोलणं टाक, मला चालेल. रविवारी या, नाहीतर येऊ नका. पण हे पत्र तू घरी आल्यावर वाचशील आणि ती वेळ तिच्या अभ्यासाची असेल. आधी तिला खाली बसव. मग तिला सांग, आत्या तिच्याशी खोटं बोलली, आणि तू लहान होतास तेव्हा तुझ्याशीही.

तुझीच,
चौतीस वर्षं उशिरा बोललेली ताई