मस्कत, पावणेतीन तास

९ जाने., शुक्र.
वैशूने तिकडून माझं तिकीट काढलं. मुंबई ते मस्कत, रविवार १८, संध्याकाळचं. पोरीचे दिवस भरत आलेत, पहिलं बाळंतपण, आणि आई इथे बोर्लीत सुपाऱ्या सोलत बसणार? नाही जमायचं. विमानात पावणेतीन तास, म्हणाली.

१० जाने., शनि.
नितीनचा पनवेलहून फोन. आई, एकटी कशी जाशील, केवढं लांब. लांब! सूनबाईच्या बाळंतपणाला लाडवांचा डबा मांडीवर घेऊन एस्टीने पाच तास हाडं खिळखिळी करत गेले, तेव्हा पनवेल लांब नव्हतं. मुलाकडे जाताना जवळ, मुलीकडे जाताना लांब. राग आला. आलाच.

१२ जाने., सोम.
शेजारची रुकय्या लेकाकडे मस्कतला चारदा जाऊन आली. तिला विचारलं. जेवण देतात, ताट उचलतात, जरा डोळा लागतोय तोवर पट्टा बांधा म्हणतात. बस्स. कानांना दडे बसले तर गोळी चघळ म्हणाली.

१४ जाने., संक्रांत
नि.ने आता पंचांग काढलं. अठराला अमावस्या, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. एरवी ह्याला एकादशी कधी ते ठाऊक नसतं! वर माझा पासपोर्ट त्याच्याच कपाटात, इथे हरवेल म्हणून मागे घेऊन गेलेला. अमावस्या जाऊ दे, मग बघू, म्हणे. बाळ काय तिथी बघून थांबणार आहे? तीळगूळ गोड लागला नाही.

१६ जाने., शुक्र.
पंचांग मलाही वाचता येतं. आज वेळ चांगली. सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ नव्या फडक्यात बांधले आणि रुकय्याकडे प्रस्थान ठेवलं. सासूबाई असंच करायच्या. चांगल्या वेळेला गाठोडं दुसऱ्याच्या घरी पोचलं की माणूस निघाला, मग पाय कधी का उचलेना. रुकय्याने काही न विचारता कपाटात ठेवून दिलं.
नि.ला कळवलं. गाठोडं परत आण, म्हणाला. मी म्हटलं, "प्रस्थान मोडत नाहीत. मी आजच निघाले आहे. तू कुणाला अडवतोयस?"
फोन ठेवला त्याने.

१८ जाने., रवि. पनवेल स्टँड
पहाटेची एस्टी. गाठोडं पिशवीत, शिवाय अळीव, लाडू, दुपटी. रुकय्या सोडायला आली होती.
नि.च्या घरी गेले नाही. गेले की चहा, मग जेवण, मग सून म्हणेल राहा आजचा दिवस, आणि विमान जाईल निघून. इथूनच फोन केला. म्हटलं, "पासपोर्ट घेऊन ये. बाकावर बसले आहे."
त्याचं घर रिक्षाने दहा मिनिटांवर. अर्धा तास होऊन गेला. दोन रिक्षा थांबल्या, भलतीच माणसं उतरली. मी काही इथून उठत नाही.