पोळपाटाची सिद्धता

भोपाळ, बुधवार, ता. १८ सप्टेंबर १९५७

ती. सौ. नलिनीवहिनींच्या चरणी धाकट्या जावेचा, कमलिनीचा, साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुमची पाठ कशी आहे? (शेक सोडू नका.) सासूबाईंचा खोकला बरा असेलच. म्हणजे त्या दसऱ्याला इकडे नक्की येणार, असं धरून मी आत्तापासून काळजीला लागले आहे. पत्र पोस्टानं न पाठवता आज रात्रीच्या गाडीनं तिकडे निघालेल्या शांतारामभाऊजींच्या हाती देते आहे. का ते पुढे कळेल.

तुम्हाला ठाऊकच आहे, ह्यांचं नागपूरचं दफ्तर भोपाळला हललं तशी आमचीही वरात इथल्या क्वार्टरात आली आणि मला मुलींच्या शाळेत भूमिती शिकवायची नोकरी लागली. सासूबाईंनी ती एकाच अटीवर मान्य केली: स्वयंपाकात उणं दिसलं की राजीनामा. दसऱ्याला त्या येणार त्या तपासणीलाच. ह्यांचं म्हणणं, आई म्हणेल तसं. (असा नवरा म्हणजे समांतर रेषा, जन्मभर सोबत, पण वेळेला भेटायचा नाही.) वहिनी, मला ही नोकरी सोडायची नाही. वर्गात उभी राहिले की मला माझंच बरं वाटतं, खरं सांगते.

शाळेची कंपासपेटी अजून कुठल्याशा मालगाडीत आहे, म्हणून मी घरातलं सामान नेते. शंकरपाळ्यांवर समभुज चौकोन झाला (सिद्धता अर्ध्यावर असताना मुलींनी आकृत्या खाल्ल्या), अडकित्ता उघडून कोन झाला आणि काल वर्तुळासाठी पोळपाट नेला. तोच, सासूबाईंनी मला लग्नात दिलेला, त्यांच्या माहेरचा. मुलींना म्हटलं, मध्यावरून कशीही दोरी धरा, व्यास सारखाच येणार. कांचन म्हणून एक मुलगी आहे, फार चोख. तिनं दोनदा मोजलं आणि उभी राहून म्हणाली, "बहनजी, इधर से दो उँगल ज़्यादा है. ये गोला नहीं, अंडा है." वर्ग हसला. माझ्या डोक्यात मात्र एकदम प्रकाश पडला. अकरा वर्षं सासूबाई माझ्या पोळीला नकाशा म्हणतात (गेल्या नोव्हेंबरात नवं राज्य झालं तेव्हा म्हणाल्या, सरकारनं हद्दी हिच्याच पोळीवरून आखल्या वाटतं), आणि दोष सगळा पोळपाटाचा! तोही त्यांच्याच माहेरच्या!

इतकंच कळवायचं होतं. मुलांना गोड पापा.

तुमची,
कमलिनी

ता. क. खात्री करावी म्हणून पत्राला बसण्याआधीच शेजारच्या वसुधाबाईंचा पोळपाट मागून आणला. दोरीनं मोजला, चहूकडून सारखा. त्यावर पोळी लाटली. वहिनी, पुन्हा नकाशाच झाला. ह्या खेपेस तर विदर्भ वेगळा फुटून निघाला.

आणखी एक. खरं म्हणजे पत्र ह्यासाठीच. ही पोळी लाटायच्या आधी, आज सकाळीच मी सासूबाईंच्या नावे एक कार्ड टाकून बसले आहे, आकृतीसकट. भाऊजी उद्या पोचतील, कार्ड परवा दुपारी येईल. पोस्टमन येतो तेव्हा सासूबाई पडलेल्या असतात. तुमच्या पाठीला आराम हवा हे मला कळतं, पण परवा एक दिवस तुम्ही आडव्या होऊ नका. कार्ड घ्या आणि तडक चुलीत घाला. आकृतीखाली मी लिहिलंय, 'म्हणून दोष सुनेचा नाही, हे सिद्ध झाले.'