पाच वाजताचा खटका

भूषण,
मी देवपूरला आत्याकडे जातेय. भाकरी डब्यात आहे.

बॅटरी परवडत नाही म्हणून तू उद्या जामनेरच्या माणसाला ती न्यायला बोलावलंयस. पण विजेचं बिल बघ, नाना होते तेव्हाइतकंच कमी आलंय. दिवसाची स्वस्त वीज बॅटरीत भरून ठेवायची आणि पाचला वीज महागली की ‘महाग शे आते’ म्हणत खटका बॅटरीवर टाकायचा, हे काम नानांचं. त्यांना जाऊन महिना झाला. मला वाटायचं, आता तू टाकतोस. काल तू म्हणालास, “मला वाटलं, ताई टाकते.”

आज पाचला मी समोरच उभी होते. कुणी हात न लावता खटका हळूच खाली आला.

बॅटरी द्यायची तर दे. पण मग रोज पाचला नानांचा हात भिंतीवर काय चाचपत राहील, सांग.

हेमांगीताई