अवधाण म्हणे!

३ मार्च
धाकटा आज तंगड्या फाकवून चालत आला. बदक! जांघेत गाठ आलीय म्हणे. आईला मीच सांगितलं — अवधाण असेल, पायाला कुठेतरी लागलंय, ती जखम भरली की गाठ आपोआप बसेल. आई तासभर त्याचे तळवे चाचपत बसली. काटा शोधतेय! मला हसू आवरेना.

गळू आहे. मला कळतं की. मला झालं होतं तेव्हा माझे तळवे कुणी चाचपले नव्हते.

४ मार्च
अग्निशमन दलाची धावण्याची चाचणी बारा तारखेला. त्याच चाचणीत मी दोनदा नापास. आता दिवसभर लोकांच्या पँटी शिवतो. आणि हा म्हणे पहिल्याच फटक्यात पास होणार! सरावाची चड्डी मीच शिवून दिली — नायलॉनची, जांघेत घट्ट. सुती कापड कपाटात होतं. नाही काढलं.

६ मार्च
लिंबाएवढं झालंय.

७ मार्च
शेवटी आईच त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. अवधाण कोण म्हणालं, असं त्यांनी विचारलं म्हणे. घाम आणि घासणं, त्यातून केसाच्या मुळाशी पू धरलाय. दिवसातून तीन-चारदा गरम पाण्याचा शेक, सैल सुती चड्डी, टॉवेल वेगळा, तिथे वस्तरा लावायचा नाही, गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. आणि काही झालं तरी दाबायचं नाही — चिरायचं तर त्याच चिरतील. आई हे सगळं घोकतच घरी आली.

९ मार्च
आई बाहेर गेली होती. धाकटा म्हणाला, "दादा, तीनच दिवस राहिलेत. काहीतरी कर ना." मी म्हटलं, दाबलं की मोकळा होशील. त्याने उशी दातात धरली. मी दोन्ही अंगठे लावले. तो कळवळला तरी थांबलो नाही. खरं लिहायचं तर — कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं!

१० मार्च
हुडहुडी भरून ताप. मांडी गुडघ्यापर्यंत लाल.

११ मार्च
हॉस्पिटलात. सलाइन लावलंय. उद्याची चाचणी गेली. आई रडतेय, मी तिला चहा आणून दिला.

१२ मार्च
हे दाबलं कुणी, म्हणून डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर कडाडल्या. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.

"मीच," धाकटा म्हणाला. "दादा नको म्हणत होता."